शिरोलीच्या गोदामात आरएफआयडी: टॅग नेमका कशाला लावायचा?

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्री व मशीन शॉपच्या मालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या गोदामात तयार कास्टिंग (ओतीव भाग), विकत आणलेले सुटे भाग, पॅटर्न (साचा बनवण्याचे नमुने) आणि फिरते बिन (माल वाहायच्या पेट्या) मिळून काही हजार नग आहेत. दर मार्चअखेर मोजदादीसाठी चार दिवस काम थांबवावे लागते आणि एवढे करूनही संगणकातील शिल्लक आणि रॅकवरची शिल्लक जुळत नाही. मध्यंतरी बारकोड लावून पाहिले, पण तेलकट हातांनी लेबले काळी पडली आणि पाळी संपताना घाईत कोणी स्कॅन करीना. आता एका पुरवठादाराने आरएफआयडीचा, म्हणजे वस्तूवर लावलेल्या चिपच्या टॅगचा क्रमांक रेडिओ लहरींनी दुरून वाचणार्‍या यंत्रणेचा, प्रस्ताव दिला आहे: गोदामाच्या दरवाजावर टॅग वाचणारे गेट आणि प्रत्येक नगाला टॅग. तो स्वीकारावा का, असे त्यांनी विचारले आहे.

आरएफआयडी जरूर घ्या, पण प्रत्येक नगाला टॅग लावू नका. जी वस्तू तुमच्या दारातून एकदाच बाहेर जाते ती सोडून द्या आणि जी पुन्हापुन्हा परत येते तिला टॅग लावा. फाउंड्रीत अशा वस्तू मुख्यतः दोन, फिरते बिन आणि पॅटर्न. गेली अनेक वर्षे मी कोल्हापूर परिसरातील कारखान्यांत आणि गोदामांत ही यंत्रणा बसवतो आहे. जिथे ती फसली तिथे बहुतेक वेळा यंत्रे चांगली होती, पण टॅग कशाला लावायचा हा निर्णय चुकला होता.

हे पटण्यासाठी यंत्रणा काय करते आणि काय करीत नाही, ते आधी नीट पाहू. किणी टोलनाक्यावर काचेवरची पट्टी वाचली जाते आणि दांडा वर जातो, ते याच तंत्रामुळे. फास्टॅग हा बॅटरी नसलेला, अल्ट्रा हाय फ्रिक्वेन्सी पट्ट्यातला टॅग आहे. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा या कामासाठी २००५ साली विनापरवाना खुला झाला आणि गोदामातले रीडरही त्याच पट्ट्यात चालतात. रीडरच्या अँटेनातून लहरी निघतात, टॅगमधली चिप त्याच लहरींतून आपल्यापुरती ऊर्जा घेते आणि त्याच लहरी कमीजास्त प्रमाणात परतवून आपला क्रमांक कळवते. म्हणून टॅगला बॅटरी लागत नाही, तो डोळ्यांसमोर असण्याची गरज नसते आणि एका सेकंदात शेकडो टॅग वाचून होतात. मात्र टॅगकडून परत येणारी लहर अत्यंत क्षीण असते आणि वाटेत लोखंड किंवा पाणी आले की ती हरवते. शिवाय रीडरला कळते ते एवढेच की अमुक क्रमांकाच्या टॅगने उत्तर दिले. त्या टॅगखालच्या बिनमध्ये ऐंशी कास्टिंग आहेत की अठ्ठ्याहत्तर, हे त्याला कधीच कळत नाही.

लोखंडाचा अडथळा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणाचा विश्वास बसत नाही, म्हणून मी प्रत्येक नव्या ठिकाणी पहिल्या भेटीत एक प्रयोग करून दाखवतो. गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये मी कपड्यांच्या दुकानात असतो तसा साधा कागदी टॅग एका गिअरबॉक्स हाउसिंगवर चिकटवला आणि हँडहेल्ड रीडर मालकांच्याच हातात दिला. एक फुटावरूनही काही वाचले गेले नाही. मग तोच टॅग सोडवून अंगठ्याएवढ्या जाडीच्या थर्मोकोलच्या तुकड्यावर लावला, तो तुकडा त्याच जागी ठेवला आणि रीडर लगेच वाजू लागला. ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर असते. धातूच्या अगदी पृष्ठभागाला टॅगला हवे असलेले विद्युतक्षेत्र जवळजवळ शून्य होते आणि टॅगच्या अँटेनाचा मेळही बिघडतो. थोडे अंतर मिळाले की दोन्ही गोष्टी सुधारतात. धातूवर लावण्यासाठी बनवलेल्या खास टॅगमध्ये हे अंतर प्लॅस्टिक, फोम किंवा सिरॅमिकच्या थराने आधीच दिलेले असते. म्हणूनच ते जाड असतात आणि साध्या लेबलाच्या कित्येक पट महाग पडतात.

पाण्याचा त्रास तुमच्याकडे कमी आहे, पण शेजारच्या धंद्यांत तो मोठा आहे. गुळाच्या शीतगृहाचे एक चालक हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले होते. गूळ ओलावा धरतो आणि ओलावा या लहरी शोषून घेतो. त्यामुळे थप्पीच्या मधोमध अडकलेल्या ढेपेवरचा टॅग बाहेरून वाचला जाईल असे वचन कोणी दिले तर ते मानू नये. त्यांच्याकडे आम्ही प्रत्येक थप्पीच्या पॅलेटला, मार्गिकेच्या बाजूने, एकच टॅग लावला आणि तेवढ्यावर काम भागले.

आता कास्टिंगचे पाहू. कास्टिंग ओतताना धातू सुमारे १४०० अंश सेल्सिअसच्या घरात असतो, त्यामुळे तिथे टॅगचा विचारच नाही. त्यानंतर शॉट ब्लास्टिंग आहे, ज्यात पोलादी छर्‍यांचा मारा पृष्ठभागावरची प्रत्येक चिकटवलेली वस्तू उडवून देतो. पुढे फेटलिंग (जास्तीचा धातू काढून कडा साफ करणे), मशीनिंग, धुणे आणि रंगाची भट्टी. टॅगमधल्या चिपची नेहमीची मर्यादा ८५ अंश सेल्सिअसपर्यंत असते, तर पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते. उष्णता सोसणारे टॅग मिळतात, पण प्रत्येक कास्टिंगवर असा टॅग लावून तो ग्राहकाकडे पाठवायचा म्हणजे दर डिस्पॅचला तुमचे पैसे गाडीत घालून देण्यासारखे आहे. कास्टिंगची ओळख ठेवायला त्यावर ओतलेला पार्ट नंबर आणि पंच केलेला हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूचा, म्हणजे हीटचा, क्रमांक) पुरेसा आहे.

बिनचे तसे नाही. लोखंडी असो वा प्लॅस्टिकचा, एक बिन वर्षानुवर्षे टिकतो आणि कास्टिंगच्या प्रत्येक टप्प्यावर त्यांच्यासोबत असतो. टॅग बिनला लावा. बिन भरला की संगणकात त्या क्रमांकापुढे पार्ट नंबर, हीट नंबर आणि नगसंख्या नोंदवा आणि बिन रिकामा झाला की ती नोंद मिटवा. नगसंख्या कशी काढायची, हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. वजनकाट्यावर एकूण वजनातून बिनचे वजन वजा करून एका नगाच्या वजनाने भागायची पद्धत सर्वत्र आहे आणि लहान नगांना ती चालते. पण साचा थोडा सैल बसला तरी कास्टिंगचे वजन बदलते. सरासरी वजन एक टक्क्याने सरकले, तर दोनशे नगांच्या बिनमध्ये दोन नगांची चूक होते आणि मार्चमध्ये न जुळणारी शिल्लक अशाच चुकांची बेरीज असते. म्हणून प्रत्येक हीटचे दहा नग वजन करून त्या हीटपुरते सरासरी वजन काढावे आणि पाच किलोपेक्षा जड नग हातानेच मोजावेत. या कामात रीडरचा काही उपयोग नाही. हे शिस्तीचे काम आहे आणि ते आधी बसवावे.

बिनला टॅग लावल्याचा दुसरा फायदा मला त्याहून मोठा वाटतो. आपल्याकडचे काम एका छताखाली होत नाही. शिरोलीत ओतलेले कास्टिंग बोरिंगला शिवाजी उद्यमनगरात जाते, तिथून ग्राइंडिंगला गोकुळ शिरगावला, आणि परत येते तेव्हा बिन दुसर्‍याच कोणाचा असतो. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला पाठवलेला माल एक वर्षाच्या आत परत यावा किंवा तिथूनच कर भरून पुढे जावा, नाहीतर तो पाठवल्या दिवशीच विकला असे धरले जाते. कोणत्या चलनाचा (मालासोबत जाणार्‍या डिलिव्हरी चलनाचा) किती माल कोणाकडे पडून आहे, हे चलनांच्या फायली चाळून शोधणारे हिशेबनीस मी पाहिले आहेत. बिन गेटमधून जाताना त्याचा क्रमांक चलनाशी आपोआप जोडला गेला आणि परत येताना तुटला, तर ही यादी रोज सकाळी तयार मिळते. शिवाय आपले बिन कोणाकडे अडकले आहेत तेही कळते. जॉबवर्करला त्यासाठी काहीही बसवावे लागत नाही.

बिनला टॅग कुठे आणि कसा लावायचा, यात घाई करू नये. लोखंडी बिनला धातूवरचा टॅग वरच्या ओठाखाली, फोर्कलिफ्टचे काटे आणि शेजारचा बिन लागणार नाही अशा जागी, रिव्हेट मारून बसवावा. दुतर्फी टेप कितीही चांगली असली तरी तेल आणि शॉटची धूळ बसलेल्या पृष्ठभागावर ती काही आठवड्यांत सुटते. टॅगवर तोच क्रमांक वाचता येईल अशा अक्षरांत आणि क्यूआर कोडमध्ये छापून घ्यावा, म्हणजे टॅग मेला तरी माणसाला बिन ओळखता येतो.

प्रस्तावातल्या गेटबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना अँटेना लावल्या आणि पूर्ण शक्तीवर चालवल्या की त्या दारातला माल वाचतातच, पण दारालगतच्या रॅकवर निवांत पडलेला मालही वाचतात. एका गोदामात आम्ही यंत्रणा सुरू केल्यावर तिसर्‍या दिवशी नोंदी पाहिल्या, तर रॅकवरचा एकच बिन एका दुपारी अकरा वेळा बाहेर गेल्याचे दिसत होते. कारण शोधायला मी शटरपाशी दोन तास उभा राहिलो. हँड पॅलेट ट्रकवरचा लोखंडी माल दारातून जाताना लहरी त्यावर आपटून आत वळत आणि एरवी न वाचला जाणारा कोपर्‍यातला तो बिन क्षणभर वाचला जाई. त्याच नोंदींत काही क्रमांक असे होते की ते आमच्या यादीतच नव्हते. ते बाहेर उभ्या असलेल्या ट्रकच्या काचेवरचे फास्टॅग निघाले, कारण त्यांचा पट्टा आणि भाषा हीच आहे.

यावर उपाय आहेत आणि ते पुरवठादाराकडून लेखी मागून घ्यावेत. दारापासून तीन मीटरपर्यंत टॅग लावलेला माल ठेवू नये. अँटेनाची शक्ती जास्तीत जास्त न ठेवता, काम होईल तेवढी कमीत कमी ठेवावी आणि तोंड किंचित खाली वळवावे. दाराच्या आत आणि बाहेर एकेक प्रकाशकिरण संवेदक लावावा, म्हणजे आधी कोणता तुटला यावरून माल आत आला की बाहेर गेला हे कळते आणि किरण तुटला नसेल तेव्हा रीडर बंदच ठेवता येतो. आपल्या टॅगच्या क्रमांकांची सुरुवात ठरावीक अंकांनी करून, बाकीचे सगळे क्रमांक तिथल्या तिथे गाळावेत. या कामासाठी टॅगवर साधारणपणे ९६ बिटांचा क्रमांक असतो. तो तुम्ही ठरवून लिहून घ्यायचा असतो, कारखान्यातून आला तसा वापरायचा नसतो. लिहून झाल्यावर पासवर्ड टाकून कुलूप लावावे, कारण नवा टॅग पासवर्डविनाच येतो आणि कोणत्याही रीडरने तो पुसता येतो. गाळणी लावूनही जे वाचन उरते त्याला थेट साठ्यात उतरू देऊ नये. दारातले वाचन आणि त्या वेळी तयार असलेले चलन जुळले तरच जावक पक्की व्हावी, नाहीतर स्टोअरकीपरच्या पडद्यावर प्रश्न उभा राहावा. हा मधला थर, ज्याला मिडलवेअर म्हणतात, प्रस्तावात एका ओळीत उरकलेला असतो. प्रत्यक्षात निम्मी मेहनत तिथे जाते.

पॅटर्नच्या बाबतीत मात्र मला कसलीही शंका नाही. जुन्या फाउंड्रीत पॅटर्न आणि कोअर बॉक्स (कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा बनवायचे साचे) हजारोंनी असतात, त्यातले बहुतेक ग्राहकाच्या मालकीचे. दोन वर्षांनी एखादी ऑर्डर पुन्हा येते तेव्हा पॅटर्न शोधण्यात दिवस जातो, कधी पॅटर्नचा अर्धा भाग सापडतो आणि कोअर बॉक्स नाही. एका फाउंड्रीत ही सगळी माहिती एका वयस्कर स्टोअरकीपरांच्या डोक्यात होती. माळ्यावरच्या तिसर्‍या फळीवर, पंप बॉडीच्या मागे, असे ते न बघता सांगत आणि वस्तू तिथेच असे. त्यांच्या निवृत्तीच्या आधी सहा महिने आम्ही त्यांच्यासोबत रोज दोन तास माळ्यावर बसलो. लाकडी पॅटर्नला न वापरल्या जाणार्‍या बाजूने खोबण करून टॅग आत बसवला आणि वर लांबी (पुट्टी) भरली. अॅल्युमिनिअमच्या पॅटर्नला धातूवरचा टॅग स्क्रूने लावला. ते प्रत्येक पॅटर्नचे नाव, ग्राहक आणि त्याच्या जोडीचे कोअर बॉक्स सांगत गेले आणि आम्ही नोंदवत गेलो. त्यांना ज्ञान काढून घेतल्यासारखे वाटू नये, याची मालकांनी घेतलेली काळजी मला आजही आठवते. प्रत्येक नोंदीपुढे त्यांचे नाव ठेवले होते. आता तिथे हँडहेल्डवर पॅटर्नचा क्रमांक निवडला की जवळ जाऊ तसा आवाज जलद होत जातो आणि नवा मुलगा काही मिनिटांत वस्तू काढून आणतो. लाकडात लहरी सहज शिरतात, त्यामुळे वाचनाची अडचण जवळजवळ येत नाही.

मार्चच्या चार दिवसांबद्दल. हँडहेल्डने रोज एक रांग फिरून घेतली तर महिनाभरात सगळे गोदाम एकदा मोजून होते आणि काम थांबत नाही. रीडरवर एस-२ सत्र नावाची सेटिंग निवडावी, म्हणजे एकदा उत्तर दिलेला टॅग काही काळ गप्प राहतो आणि मागचे, दबलेले टॅग ऐकू येतात. पण शंभरपैकी सत्त्याण्णव टॅग वाचले गेले म्हणून तीन बिन हरवले असे लगेच मानू नये. दुसर्‍या दिशेने पुन्हा फिरावे, त्यातही न वाचलेल्यांची यादी हातात घेऊन डोळ्यांनी पाहावे आणि मगच साठ्यात दुरुस्ती करावी. हा नियम लिहून भिंतीवर लावावा. मी पाहिलेल्या गोंधळांपैकी कित्येक असे होते की घाईने माल गहाळ दाखवला गेला, खरेदी झाली आणि आठवड्याने तोच माल रॅकच्या मागे मिळाला.

वाळू, रेझिन, पिग आयर्न, भंगार यांना टॅगचा काही उपयोग नाही, ते काट्यावरच मोजावे. नट-बोल्ट दोन डब्यांच्या पद्धतीने चालवावेत, एक संपला की मागणी. महागडे इन्सर्ट (मशीनच्या हत्याराला लावायची कापणारी पाती) कुलपाच्या कपाटात ठेवावेत आणि त्यांच्या डब्यांना साधा बारकोड लावावा.

बारकोड का फसला, याचे उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. लेबल काळे पडणे ही अडचण आरएफआयडीने सुटते. पाळी संपताना स्कॅन न करणे ही अडचण गेटने अर्धीच सुटते, कारण बिन भरताना त्यात काय आहे हे नोंदवणारा माणूस तोच आहे. म्हणून बिन भरण्याच्या जागी काटा, लहान रीडर आणि पडदा एकाच टेबलावर ठेवावा. बिन काट्यावर ठेवला की क्रमांक आपोआप यावा आणि कामगाराला फक्त पार्ट आणि हीट निवडावा लागावा. तिथे चार बटणांपेक्षा जास्त दाबावी लागली तर नोंद होणार नाही, हे मी खात्रीने सांगतो. कामगारांना आधी बोलावून टेबलाची उंची आणि पडद्याची भाषा त्यांनाच ठरवू द्यावी. मराठी पडदा नसेल तर पुरवठादाराकडून करून घ्यावा.

सुरुवात पॅटर्नपासून करावी, ते जमले की एकाच जॉबवर्क मार्गावरचे बिन घ्यावेत, आणि गेट सर्वांत शेवटी. खरेदीपूर्वी रीडरला भारतात वापरासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण मान्यता आहे ना ते पाहावे, कारण परदेशातील वेगळ्या पट्ट्यावर लावलेले स्वस्त रीडरही बाजारात फिरतात. करारात चाचणीची अट आकड्यांत असावी: टॅग लावलेले पन्नास बिन नेहमीच्या वेगाने वीस वेळा दारातून न्यायचे, सुटलेली वाचने आणि भलतीच वाचने वेगवेगळी मोजायची आणि दोन्हींची मर्यादा आधी लिहून ठेवायची. ही चाचणी दोनदा घ्यावी आणि दुसरी जुलैमध्ये असावी. पावसात ताडपत्रीखालून आलेला माल, ओले लाकडी पॅलेट आणि टॅगवर साचलेला पाण्याचा थर यांमुळे मे महिन्यात व्यवस्थित चाललेले गेट जुलैत बिन सोडू लागते. त्यामुळे शेवटचा हप्ता पावसाळ्यातल्या चाचणीनंतरच द्यावा.